घसा बसला, मग मीही

मंगळवार, ता. ४

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आज माझं तोंड बंद केलं. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. नाकातून नळी घातली, पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे तुमचे स्वरतंतू. दोन्हीकडे गाठी आहेत, दिसतायत? आवाज इतका कुठे वापरता?"

मी चर्चचा पाळक आहे, असं मी घोगऱ्या आवाजात, पण शक्य तेवढ्या रुबाबात सांगितलं.

"म्हणजे ओरडावं लागतं?"

संदेश देतो, म्हणालो.

"तो आजपासून बंद. पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. मी हो म्हणेपर्यंत. ऐकलं नाहीत तर कापावं लागेल, आणि मग परत येईल तो आवाज तुमचाच असेल असं मी सांगणार नाही."

घरी येऊन हिला पाटीवर लिहून दाखवलं. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सहानुभूती मोजून देते. पाटी वाचली आणि म्हणाली, "म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होणार." मग कपाटातून कुठल्याशा औषधकंपनीची कोरी डायरी काढून माझ्यासमोर आपटली. "आतल्या आत फुगू नका. जे बोलायचं ते इथे बोला."

म्हणून हे. एरवी मी डायरी लिहिणाऱ्यांतला नाही. ज्यांना ऐकणारं कोणी नसतं ते डायऱ्या लिहितात.

बुधवार, ता. ५

संध्याकाळी कमिटी. अजेंडा एकच: पाळक मुका झाला, आता करायचं काय. एकेकाचा चेहरा बघण्यासारखा होता. वरून चिंता आणि आतून खुषी.

चष्मेवाल्यानं हात वर केला. हा आमचा ज्येष्ठ वडीलजन, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांतला एक, चौकात चष्म्याचं दुकान आहे. समोरच्या माणसाकडे, तो आत्ता खाली पडणारी वस्तू असल्यासारखा बघतो. माझ्या प्रत्येक योजनेत यानं खोट काढली आहे. तो म्हणाला, "थोरल्यांना बोलवू. लेकीकडे नुसते बसूनच असतात."

थोरले म्हणजे माझ्या आधीचे पाळक. त्यांच्या काळात मंडळी अर्धी पेंगत होती आणि अर्धी यायचीच नाही. मी येऊन सगळं मार्गी लावलं. मी टेबलावर मूठ आपटून निषेध केला. सचिवानं वहीत लिहिलं, "पाळकसाहेबांचाही जोरदार पाठिंबा."

रविवार, ता. ९

थोरल्यांची उपासना. लोक जमले, गायनमंडळ उभं राहिलं, घंटा झाली आणि थोरले कुठे आहेत? व्यासपीठामागच्या खोलीत बसलेत. आजारी नव्हते, हरवले नव्हते. बसले होते. सचिव दोनदा डोकावून आला. "अजून झालं नाही म्हणतात." काय झालं नाही? मी उपासनेआधीच्या वेळात लाउडस्पीकर तपासतो, पाहुण्यांशी हात मिळवतो, गायनमंडळाला झापतो. हा माणूस लोकांना ताटकळत ठेवून खोलीत बसतो आणि लोक त्याला भक्ती म्हणतात.

मग संदेश. संदेश कसला, बसथांब्यावरच्या गप्पा. मुद्दे नाहीत, उपमुद्दे नाहीत, शेवटी चढणारा आवाज नाही. एकदा तर मध्येच थांबून म्हणाले, "हे मलाही नीट कळलेलं नाही." व्यासपीठावरून! लोक मात्र उजळ चेहऱ्यानं घरी गेले. लवकर सुटले ना.

मंगळवार, ता. ११

कामाची वाटणी झाली. थोरल्यांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, म्हणून व्यासपीठ त्यांचं आणि घरभेटी माझ्या. मुक्यानं घरभेटी करायच्या! पण घरी बसलो तर ही मला भांडी घासायला लावेल.

वर त्यांची अट. "जायच्या आधी इथे माझ्याबरोबर बसायचं. मग जायचं."

पाटीवर लिहिलं, "बसून करायचं काय?"

"काही नाही रे. तो आपल्याकडे बघतो. तेवढं बघू द्यायचं."

"आजारी माणसं वाट बघतात."

थोरल्यांनी पाटी वाचली, चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "तू पोचलास तरी वाटच बघत असतात ती. तू कधी येतोस म्हणून."

या वाक्याला काही अर्थ आहे का? सत्तरी ओलांडली की माणूस असलं काहीही बोलतो आणि समोरच्यानं ते मनन करायचं.

माझं सांगायचं तर मी कामाचा माणूस आहे. माझी प्रार्थना मी मंडळीसमोर करतो, मोठ्यानं, आणि ती सगळ्यांना पुरते. एकट्यानं खोलीत बसून देवाशी गूळपीठ जमवायला मला वर्षानुवर्षं वेळ मिळालेला नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही.

गुरुवार, ता. १३

बसलो. थोरले डोळे मिटून, मी उघडे ठेवून. थोड्या वेळानं ते बारीक घोरू लागले. याला एकांत म्हणायचं! मी तेवढ्या वेळात मनातल्या मनात त्यांच्या रविवारच्या संदेशाची चिरफाड केली. बराच वेळ पुरली.

नंतर निवृत्त कंडक्टरकडे. पायाला प्लास्टर. एरवी मी त्याला एक वचन, एक प्रार्थना आणि एक विनोद देऊन उठतो. आज देण्यासारखं काही नव्हतं, तर या गृहस्थानं मुलाशी झालेलं भांडण अगदी पहिल्या शिवीपासून सांगायला घेतलं. थांबवणार कसा? उठू लागलो की तो म्हणे, "आणि ऐका ना पाळकसाहेब, पुढे तर कहरच." शेवटी रडला. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्ही फार चांगलं समजावलंत."

मी समजावलं? लोक माझ्या मौनाचा गैरफायदा घेऊ लागले आहेत.

गुरुवार, ता. २०

रोज तेच. आधी खोलीत बसा, मग लोकांच्या रडगाण्यांची ओझी वाहा. बिनकामाचं कौतुक मला आवडत नाही, आणि सध्या तेच वाट्याला येतंय. तिकडे मंडळीत कुजबूज आहे की थोरल्यांनाच कायम ठेवावं आणि मला कुठेतरी "प्रशासकीय काम" द्यावं. म्हणजे ज्याला गप्प बसता येतं तो व्यासपीठावर आणि ज्याला बोलता येतं तो फायलीत.

घरीही तीच तऱ्हा. रात्री जेवताना हिनं सांगितलं की तिला शाळा सोडायची आहे, गेली दोन वर्षं. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "सांगितलं होतं. चार वेळा."

बायका काहीही रचून सांगतात.

सोमवार, ता. २४

चष्म्याचा स्क्रू निघाला म्हणून नाइलाजानं चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. तो डोळ्याला भिंग लावून स्क्रू बसवत होता आणि मान वर न करताच म्हणाला, "हिचे आता फार दिवस नाहीत म्हणतात."

त्याची बायको. दुकानावरच्या खोलीत अंथरुणाला खिळून आहे. आजार यकृतापर्यंत गेलाय. मी मागे तीन-चार वेळा जाऊन आलो होतो. दरवेळी नेमक्या जागची वचनं वाचली, हात ठेवून प्रार्थना केली. काही कमी ठेवलं नाही. मग यानंच निरोप पाठवणं बंद केलं, म्हणून मी पाटीवर लिहिलं, "बोलावलं का नाहीत?"

त्यानं भिंग काढलं. "खरं सांगू? तिनंच सांगितलं, पाळकांना आणू नका म्हणून. म्हणाली, ते आले की मला बरं व्हावं लागतं."

चष्मा उचलला आणि निघालो.

बरं व्हावं लागतं! मी प्रार्थना करायची आणि बरं वाटण्याचे कष्टही पेशंटला पडायचे का? इतकी कृतघ्न माणसं मी दुसऱ्या कुठल्या मंडळीत पाहिली नाहीत. आणि हा शहाणा, माझ्या तोंडावर, मला उत्तर देता येत नसताना. बोलता येत असतं तर त्याला असं सुनावलं असतं की भिंगाला तडा गेला असता.

गुरुवार, ता. २७

आज खोलीत थोरले नव्हते, दवाखान्यात गेले होते. तरी जाऊन बसलो, कारण घरी हिच्या मैत्रिणी होत्या.

ऐकलंस ना देवा, तो चष्मेवाला काय म्हणाला ते? तू तर सगळं ऐकतोस म्हणे. माझ्याबद्दल असं बोललेलं तुला चालतं? मी तुझ्यासाठी हा घसा फोडला. सभागृहाची गळती काढली, गायनमंडळ सुरात आणलं, त्या चष्मेवाल्याच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून चहा प्यायलो. आणि तुला आवडतो तो घोरणारा म्हातारा. तुझी निवड पहिल्यापासूनच अशी आहे. कोळी, जकातदार तुझे शिष्य. बरी शिकलेली माणसं तुझ्या डोळ्यांत भरतच नाहीत.

एवढं झाल्यावर पाहिलं तर बराच वेळ गेला होता.

रविवार, ता. ३०

उपासनेनंतर चष्मेवाला आडवा आला. "ती विचारत होती, पाळकांचा आवाज गेला हे खरं का. मी हो म्हटलं. तर म्हणाली, मग येऊ द्या. आता चालतील."

आता चालतील. मोडकी खुर्ची चालून जाते तसा.

सोमवार, ता. १

जाणार नव्हतो. सकाळी खोलीत बसून तुला तसं स्पष्ट सांगितलं. मग गेलो, कारण न गेल्याचा चष्मेवाल्यानं कमिटीत मुद्दा केला असता.

खिडकीपाशी पलंग, स्टुलावर पाण्याचा पेला, त्यात वाकडी नळी, खाली प्लास्टिकचं घमेलं. बाई म्हणजे फक्त डोळे उरलेत. दुकानात तीच लोकांचे डोळे तपासायची. मी स्टूल ओढून बसलो. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खरंच नाही येत बोलता?"

मी घशाकडे बोट केलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि झोपली.

तेवढं ऐकायला मी दोन जिने चढून गेलो होतो.

शुक्रवार, ता. ५

सलग गेलो, तिला कंटाळा येईल या आशेनं. तिला येत नाही. काल मी तिच्या ओठांना ओला बोळा लावला, आज घमेलं बदललं. पाळकानं करायची ही कामं नव्हेत, पण चष्मेवाला खाली गिऱ्हाइकाला कडेला उभं करून धावत वर येतो आणि सगळं सांडतो. माणूस एक काम धड करील तर शपथ.

आज ती बोलली. "मी जन्मभर लोकांना फळ्यासमोर बसवून विचारलं, आता दिसतंय? आता? आणि माहितीये, लोक खोटं बोलतात. नसलं दिसत तरी हो म्हणतात. मला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही प्रार्थना करून विचारायचात ना, आता बरं वाटतंय? मीही हो म्हणायचे."

मी पाटी उचलली. तिनं हातानं खाली ठेवायला लावली.

"काही लिहू नका. मला आत काहीच लागत नाही पाळकसाहेब. सहा महिने झाले. देवाला हाक मारते आणि भिंतीला मारल्यासारखं वाटतं. मग चिडते. असा चिडून आवाज चढवते मनातल्या मनात की दमायला होतं. ह्यांना कसं सांगू? हे वडीलजन. बिचारे रात्री माझ्या उशाशी स्तोत्रं वाचतात, चष्मा कपाळावर ठेवून, पाठ आहेत सगळी." मग म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतो का तो? खरं सांगा."

तिला पुरतील एवढी वचनं मला पाठ होती. ती एकामागून एक घशाशी आली आणि तिथेच राहिली. आणि मी मान हलवली. नाही म्हणून.

का हलवली कोण जाणे.

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आणि उलटी. मी घमेलं धरलं. थोडं माझ्या बाहीवर गेलं. ती माझी बाही पुसत होती आणि हसत होती. "अरे देवा," म्हणाली, "पाळकच असे निघाले."

आता तू सांग. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ प्रश्न विचारला आणि तुझ्या बाजूनं सांगायला मला काही सापडलं नाही. तुझी माणसं मरायला टेकली तरी तू तोंड उघडत नाहीस. माझ्या तर घशात गाठी आहेत. तुझी काय सबब?

मंगळवार, ता. ९

गाठी विरल्या. डॉक्टरीणबाई खूष. "थोडं थोडं बोला. हळू. ओरडायचं नाही." बाहेर येऊन रस्त्यात एकट्यानं आवाज काढून पाहिला. किरकिरला, पण माझाच आहे.

थोरल्यांना सांगितलं तर म्हणाले, "वा, छान. चल, बस." नेहमीसारखेच बसलो. मला तिथून उठवेना. आवाज आला म्हणजे आता वर जाऊन बोलावं लागणार होतं आणि बोलायला जे होतं ते सगळं मला आदल्या आठवड्यातल्या शिळ्या अन्नासारखं वाटत होतं. हे तुझंच काम असणार. चालतं दुकान बंद पाडायची तुला हौस.

चष्मेवाल्याच्या बायकोनं पाहताक्षणी ओळखलं. "आला वाटतं आवाज."

"हो," मी म्हणालो.

"आता सुरू करणार?"

"नाही."

तिनं डोळे मिटले. मी तिच्या पायांना तेल लावलं. बऱ्याच वेळानं पुटपुटली, "मी गेल्यावर हे तुम्हाला विचारतील. खोटं सांगू नका. मला धीर झाला नाही, तुम्ही सांगा."

मला बाकी काही काम नाही जणू.

शुक्रवार, ता. १२

पहाटे गेली. चष्मेवाला शेजारी होता, मी नव्हतो.

शनिवार, ता. १३

दफनविधी थोरल्यांनी केला. माझ्या आवाजाला उघड्यावर बोलणं झेपणारं नव्हतं. चांगला केला. थोडक्यात. चष्मेवाल्यानं मूठभर माती टाकली आणि नंतर हाताकडे बघत राहिला, जणू त्याचं काय करायचं हे कुणीतरी सांगावं. मी रुमाल दिला. त्यानं तो धुऊन परत द्यायला हवा, पण देईल असं वाटत नाही.

सोमवार, ता. १५

सकाळी बसलो. नेहमीपेक्षा जास्त. तुला सरळ म्हटलं, हे काम दुसऱ्या कुणाला दे. तू गप्प. मग गेलो.

तो वरच्या खोलीतच होता, रिकाम्या पलंगाच्या कडेवर. चादर काढून घडी घातली होती, वाकडीतिकडी. मी स्टुलावर बसलो. त्यानं विचारायला फार वेळ घेतला नाही.

"शेवटचे दिवस तुम्ही होतात. माझ्याशी ती घर, दुकान, एवढंच बोलायची. मी स्तोत्र वाचलं की भिंतीकडे वळायची." चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. दुसऱ्याला तसं करू देत नाही, काच चरचरते म्हणून. "ती देवावरच्या विश्वासात गेली ना, पाळकसाहेब?"

हो म्हणणं किती सोपं होतं. माझ्या धंद्यात हा शब्द सगळ्यात स्वस्त आहे.

"तिला काही ऐकू येत नव्हतं," मी म्हणालो. आवाज अजून फाटका येतो. "हाक मारायची आणि पलीकडून काही नाही. मग ती त्याच्यावर चिडायची. रोज. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही तिला. मला सांगा म्हणाली."

मला वाटलं हा मला हाकलणार. हाकलायला हवं होतं. तो खिडकीकडे बघत बसला. खाली कुणीतरी दुकानाचं शटर वाजवलं, हाका मारल्या आणि निघून गेलं.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

"माझ्यावर चिडली की ती दोन-दोन दिवस अबोला धरायची," चष्मेवाला म्हणाला. "ज्याच्यावर ती रोज चिडत होती, त्याच्याशी बोलणं चालू होतं म्हणायचं."

आणि तो रडायला लागला. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत. मी उठून पलंगावर त्याच्या शेजारी बसलो. एवढंच केलं. माझ्याकडे दुसरा रुमाल नव्हता, म्हणून त्यानं माझी बाही घेतली.

चष्मेवाल्याला धर्मशास्त्रातलं काही कळतं असं मी आजही मानत नाही.

गुरुवार, ता. १८

थोरले काल लेकीकडे परत गेले. रविवारपासून व्यासपीठ माझं. कमिटीनं ठराव केला, चष्मेवाल्यानं मांडला. कारण विचारलं तर म्हणाला, "आता बरे आहात." घशाबद्दल म्हणाला असेल.

आज कंडक्टरकडे जायचं होतं. आधी मागच्या खोलीत एकटाच बसलो. सवय लागली की सुटत नाही, दुसरं काही नाही. पलीकडचा गॅरेजवाला पत्रा ठोकत होता, उन्हाची तिरीप नेमकी डोळ्यावर येत होती, आणि तो बाक पाठीच्या मणक्यात घुसतो. तू एक अक्षर बोलला नाहीस. मीही तुला काही विचारलं नाही. कंडक्टरकडे जायला उशीर झाला.

उद्या उशी घेऊन येतो.